एक्कावन्नावा नग

३ जानेवारी १९८२, रविवार

बेअरिंगवाल्या एजंटाने डायरी दिली. गेल्या वर्षी दोन दिल्या होत्या, यंदा एकच. असो. नव्या वर्षाचा संकल्प: रागवायचं नाही. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर सांगितलंय म्हणून नव्हे, मला स्वतःलाच वाटलं.

दुपारी १२. पेपरात धाकट्या भावाचा फोटो. 'कुरुंदवाडचा माधव अमेरिकेत कॉम्प्युटर-उद्योजक.' अर्धं पान. सदुसष्टला स्कॉलरशिपवर गेला, रात्री लॅबोरेटरीत फरशी पुसली, मग नोकरी, मग तीही सोडून कॅलिफोर्नियात एका गॅरेजमध्ये कंपनी काढली. कॉम्प्युटरला जोडायचे प्रिंटर बनवतो. दोनशे माणसं हाताखाली. त्या गॅरेजचं केवढं कौतुक. माझा उद्यमनगरातला कारखाना चोवीस वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये आहे, त्यावर कुणी अर्धी ओळ लिहिली नाही.

तिसऱ्या परिच्छेदात छापलंय, 'प्रतिकूल परिस्थितीतून शिक्षण घेतले.' वडील गेल्यावर त्याला कोल्हापूरला आणला मी. शाळेत घातला मी. लेथ यंत्रावर उभा केला मी. माझं नाव कुठेच नाही. म्हणजे ती प्रतिकूल परिस्थिती मीच.

संकल्प उद्यापासून.

७ जानेवारी, गुरुवार

संपादकांना खरमरीत पत्र लिहिलं. अकरा पानं. कालिंदीला वाचून दाखवलं. बायको म्हणून तिने निदान संतापायला हवं होतं. तिने विचारलं, अहो, हे पेपरला पाठवायचंय की माधवभाऊजींना? कपाटात ठेवलं. अशा पत्राला मुरू द्यावं लागतं.

कारखान्यात ऑइल इंजिनांचे भाग होतात, सध्या काम कमी आहे. कमी म्हणजे मी निवडक घेतो. शेतकरी ऑइल इंजिन सोडून विजेच्या मोटारींच्या मागे लागलेत. लाइट जायला लागली की येतील परत मुकाट. तोवर नऊपैकी आठ माणसं कमी केली. लेथवरचा केरबा टर्नर तेवढा ठेवला. पंचावन्नाचा आहे, त्याला दुसरीकडे कोण घेणार.

२७ जानेवारी, बुधवार

माधवचं पत्र. शेवटी आला शरण.

त्याच्या प्रिंटरमध्ये छापणारं डोकं धरून ठेवायला अॅल्युमिनियमची एक पट्टी लागते. तिकडे ती मनासारखी होत नाही. अण्णांनी, म्हणजे मी, नमुन्याचे पन्नास नग करून पाठवावेत, पास झाले तर महिन्याला पाच हजार नगांची ऑर्डर. वर लिहितो, कोल्हापूरच्या हातांवर माझा विश्वास आहे. पंधरा वर्षांत इकडे फिरकला नाही, आता हात आठवले.

पाच हजार म्हणजे आठही माणसं परत घेता येतील. शेडवर नवा बोर्ड. त्याच्यावर 'एक्स्पोर्टर्स'.

उत्तर पंधरा दिवसांनी द्यायचं. आपण काही रिकामे बसलेलो नाही, हे त्याला कळलं पाहिजे.

सायंकाळी ५. तारेने होकार कळवला. तारघर वाटेतच होतं.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

परवा पार्सल आलं. नमुन्याची एक पट्टी आणि नकाशे तीन. पट्टी हातात घेतली तर हातात काही आहे असं वाटेना. चौतीस ग्रॅम. अमेरिका एवढा मोठा देश आणि माल असा. नकाशाच्या खाली लाल शाईत: 'कोणताही बदल करू नये.' हे कुणाला सांगतो? मापं इंचाच्या हजाराव्या भागात. आमचं सगळं उद्यमनगर सुतावर, इंचाच्या आठव्या भागावर, चालतं, कुणाचं इंजिन अडलंय?

केरबा पट्टी घेऊन दोन दिवस बसलाय. उजेडात धरतो, परत मोजतो. म्हणाला, अण्णा, हाय तसंच करूया की. नमुना हाय, नकाशा हाय, आपलं डोकं कशाला लावायचं? त्याला समजावलं की ज्याला डोकं आहे त्याने लावावं.

२० फेब्रुवारी, शनिवार

पट्टीत सुधारणा केल्या.

एक: अॅल्युमिनियमऐवजी बीड, म्हणजे ओतीव लोखंड. ओतकाम शेजारच्या फाउंड्रीत. दोन: जाडी तिप्पट. आपल्याकडे माल किलोवर जातो, गिऱ्हाईक आधी हातात तोलून बघतं. तीन: तेल सोडायला भोक. हलणारी वस्तू आणि तेलाला जागा नाही, हे इंजिनिअरिंग कुठलं? चार: वर उठावाच्या अक्षरांत 'नृसिंह इंजिनिअरिंग, कोल्हापूर'. आता बघू पेपरवाले नाव कसं गाळतात.

केरबा म्हणाला, मालक, हे मी करणार न्हाय. वीस वर्षांत पहिल्यांदा नाही म्हणाला. रागावलो नाही. फक्त ओरडलो. शेवटी फाउंड्रीवाल्याच्या माणसाकडून करून घेतलं.

८ मार्च, सोमवार

पन्नास नग तयार. इंजिनाचा हिरवा रंग दिला. एकेक नग तीनशेऐंशी ग्रॅम. पाहिलं तरी समाधान होतं. एकूण एकोणीस किलो. विमानाचं भाडं सांगितल्यावर माल पाठवणाऱ्या एजंटाशी भांडलो. म्हणे वजनावर असतं. वजनाची किंमत विमानवाल्यांना कळते, माझ्या भावाला कळू नये?

पेटी केरबाने भरली. निदान भरायला तरी नाही म्हणाला नाही.

२९ मार्च, सोमवार

तार. 'पन्नास नापास. एक्कावन्नावा अचूक. कोणी केला?'

मी पन्नासच पाठवले होते. केरबाला विचारलं. शांतपणे म्हणाला, मीच घातला तळाला. जेवणाच्या सुट्टीत करत हुतो, नकाशापरमानं. रिकामा बसून काय करू?

दुपारभर ओरडलो. विश्वासघात. माझ्या पेटीत, माझ्या भाड्यात, माझ्या नकळत. कालिंदी म्हणाली, पाणी प्या. प्यालो. मग शांतपणे विचार केला. लेथ माझा. वीज माझी. केरबा माझा नोकर. मग नगही माझाच. तार केली: 'मी केला.' दोनच शब्द. खोटं लिहायला जास्त लागले असते.

१७ एप्रिल, शनिवार

माधवचं पत्र. तुमची पट्टी बसवून यंत्र सुरू केलं तर ते टेबलावरून सरकत सरकत खाली पडलं, म्हणतो. टेबल बदल म्हणावं. मात्र एक्कावन्नाव्या नगासारखं काम त्याच्या सबंध कंपनीत कुणाला जमलेलं नाही. मे महिन्यात स्वतः येतोय. अण्णा, तुम्ही तो करताना मला पाहायचंय.

आज आठ वर्षांनी लेथला हात लावला. मालकाने लावायचा नसतो. चार तुकडे वाया गेले. व्होल्टेज कमी आहे. वीज बोर्डाला पत्र लिहिणार. संकल्प: रोज दोन तास सराव.

२५ एप्रिल, रविवार

सोमवारी सराव केला. मंगळवारी कंबर. बुधवारी एक लग्न, पेठ वडगावला. गुरुवारपासून वाटतंय की फार सरावाने हाताची नैसर्गिक जाण जाते.

३ मे, सोमवार

माधव काल आला. केस पांढरे झालेत. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आणि माझ्याहून म्हातारा दिसतो. पाया पडला.

आज सकाळी कारखान्यात. लेथसमोर मी, मागे माधव आणि केरबा. पहिला तुकडा बिघडला. उजेड. दुसरा बिघडला. टूलला धार नव्हती. तिसऱ्याला टूलच मोडलं आणि मी केरबावर ओरडलो की धार कुणी लावली. केरबा खाली बघत राहिला. धार मीच लावली होती.

माधवने मशीन बंद केलं. म्हणाला, अण्णा, मी चौदा वर्षांचा होतो. नकाशात नव्हती ती एक कड मी हौसेने गोल केली होती. तुम्ही थोबाडीत दिलीत. म्हणालात, नकाशाच्या पुढे केसभरसुद्धा जायचं नाही, दुसऱ्याच्या यंत्रात आपली हौस घालायची नाही. तेवढ्या एका गोष्टीवर माझी कंपनी चाललीय.

मला आठवत नाही, असं सांगितलं. आठवतं. त्या दिवशी तो जेवला नव्हता. मीही.

मग केरबाने नग केला. पाऊण तास. माधवने मोजला आणि नुसती मान हलवली. म्हणाला, ऑर्डर देतो, पण केरबाला भागीदार करून घ्या.

मी फार बोललो. वीस वर्षं माझं मीठ खाल्लं, पेटीत चोरून नग घातला, आता भागीदार. या शेडमध्ये एक तर मी राहीन नाहीतर तो. माधव म्हणाला, अण्णा, एकदा विचार करा. विचार करून पुन्हा तेच बोललो, मोठ्याने.

६ मे, गुरुवार

माधव गेला. निघताना पाया पडला तेव्हा मी पेपर वाचत होतो. काल केरबाने काम सोडून शेडची किल्ली आणून दिली. म्हणाला, अण्णा, राग धरू नगासा. ऑर्डर केरबालाच मिळाली. जाऊ दे. एका महिन्यात दोघेही हात जोडत येतील. नवीन टर्नर ठेवणार, तरुण, चौकस.

३१ मे, सोमवार

टर्नर मिळाला नाही. हल्ली कामसू माणसं राहिलीच नाहीत. समोरच्या गल्लीत केरबाने शेड भाड्याने घेतली. तीन लेथ, पैसे माधवचेच असणार. माझी आठपैकी पाच माणसं तिथे. बोर्डसुद्धा लावलेला नाही त्याने. धंदा कसा करावा, याची अक्कल नाही.

१४ जून, सोमवार

केरबाकडे जाब विचारायला गेलो. त्याच्या लेथच्या आवाजाने मला माझ्या शेडमध्ये शांत बसता येत नाही. त्याने स्टूल दिलं, चहा मागवला, आणि मी जाब विचारायच्या आतच एक नग हातात ठेवला. अण्णा, जरा बगा की, माजी नजर आता ऱ्हायली न्हाय.

बघितला. डावं भोक किंचित सरकलं होतं; किती, ते नुसतं बघून सांगितलं. मोजलं, तर तेवढंच निघालं जेवढं मी म्हणालो. केरबाने ती सगळी रास माझ्यासमोर ओतली. एकशेवीसपैकी अकरा बाद केले. माझी जुनी पोरं उभं राहून बघत होती. बरं वाटलं. फार दिवसांनी वाटलं म्हणून लिहून ठेवतो.

केरबा म्हणाला, रोज आलासा तर लई उपकार हुतील, आठला सुरू करतो. मला वेळ नाही, माझा स्वतःचा कारखाना आहे, असं स्पष्ट सांगून आलो.

रात्री कालिंदीला म्हटलं, उद्या साडेसातला डबा लागेल. कुठे जायचंय, असं तिने विचारलंसुद्धा नाही. भाजी कुठली देऊ, एवढंच विचारलं. मला त्याचा फार राग आला.