उजव्या बाजूचं पॅनल

६ जाने.
पॅनल दिसलं! एडिटरच्या डाव्या काठाला माझा आयकॉन. क्लिक केलं की माझं पॅनल उघडतं. आत कोरं, काहीच नाही. तरी अर्धा तास नुसतं उघड-बंद करत बसलो. जगभरचे लोक ज्यात कोड लिहितात त्या एडिटरमध्ये आपली एक खिडकी, दारव्ह्यातून लावलेली.
रफीकभाई मागून पाहत होते. हे ऑनलाइन सेंटर त्यांचं. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सगळ्या जगाचे फॉर्म. सहा महिने झाले, मी इथंच. म्हणाले, "काय बे गौरव, रिकामा डब्बा पाहून खुश होऊन राह्यला?"
म्हटलं, भरतो ना आता.
"भर. पण आधी त्या आजीचा फॉर्म भर. सकाळपासून बसून हाये बिचारी."

८ जाने.
काय भरायचं ते ठरलेलंच होतं.
कॉलेजात प्रॅक्टिकलला दोघांत एक पीसी मिळायचा. मी टाइप करायचो. स्नेहल उजवीकडे खुर्ची ओढून बसायची. एरर आला की तिचं तोंड सुरू. आता माझ्या कोडमध्ये एरर आला की पॅनलमध्ये तिचं वाक्य येतं. बसून सगळी आठवली.
कंस बंद करायचा राहिला की: "उघडला कोनं? मंग लावाले काय तुहा मामा येईन?"
एकदम दहा एरर आले की: "लाल दिसलं का पळत सुटते. पह्यला वाच तं."
ओळी वाकड्यातिकड्या असल्या की: "हा कोड हाये का बुधवारचा बाजार?"
आणि प्रोग्रॅम नीट चालला की: "जमलं ना? मंग तोंड कायले पाडून बसला. मी आहो ना."
बावीस झाली. एकही कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं.

११ जाने.
नवीन भानगड. पॅनल झाकलं आणि परत उघडलं की आतलं सगळं गायब. एडिटर लपलेलं पॅनल जिवंत ठेवतच नाही, मेमरी वाचवायला. परत आलात की पहिल्यापासून. तुम्हाला जे टिकवायचं ते तुम्हीच आधी वेगळं साठवून ठेवा, असा कारभार.
दिवसभर त्यातच डोकं. समोर गिऱ्हाईक उभं, मला दिसलंच नाही. र.भाई ओरडले, मीही ओरडलो. माणूस सातबारा न घेताच निघून गेला. संध्याकाळी र.भाईंनी दोन चहा सांगितले. सॉरी म्हणायला हवं होतं. चहा पिला फक्त.

१३ जाने.
पॅनल उजवीकडे जात नाही. काय केलं नाही मी! मग वाचलं: आपण लिहिलेलं प्लगिन, म्हणजे एडिटरला बाहेरून जोडलेला प्रोग्रॅम, डावीकडेच उघडतं, उजवीकडे स्वतःहून जाऊन बसायची त्याला परवानगी नाही. ज्याचा एडिटर आहे त्यानं स्वतः माउसनं ओढून तिकडं न्यायचं.
तीन तास शिव्या. मग ओढलं.
हां. आता बरोबर.

१४ जाने.
संक्रांत. घरी पाहुणे, तिळगूळ, "गोड बोल रे बाप्पा आतातरी." काकूनं विचारलं, कॉलेज सुरू झालं का? आई स्वयंपाकघरात निघून गेली.
मागच्या मार्चचं अजून इथं लिहिलेलं नाही. लिहून टाकतो एकदाचं. यवतमाळला, कॉलेजच्या लॅबमध्ये, सर स्ने.ला म्हणाले, "प्रोग्रॅम याचा आहे, तू नुसती शेजारी बसतेस." अर्धा प्रोग्रॅम तिचा होता. ती मला टेबलाखालून पायानं दाबत होती, गप बस म्हणून. मी उभा राहिलो. काय बोललो ते लिहीत नाही. कीबोर्ड भिंतीवर गेला, तो माझ्याच हातून. दोघांचंही प्रॅक्टिकल रद्द. तिनं दुसऱ्या दिवशी दोघांच्या नावानं माफीचा अर्ज दिला. मला ते कळलं तेव्हा मी तिलाच बोललो. लाचार म्हणालो.
बॅग भरली, दारव्ह्याच्या जीपमध्ये बसलो. तेव्हापासून ती एक शब्द बोललेली नाही.

१९ जाने.
प्लगिन सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकलं. खाली लेखक म्हणून माझं नाव. तिचं कुठंच नाही. पण तिनं उघडलं तर तिला कळेल. एका ओळीत कळेल. खरं तर तेवढ्यासाठीच.
मंग्याला फाइल पाठवली. मंगेश, माझा हॉस्टेलचा रूममेट, अजून तिथंच आहे. त्याचा फोन: "अबे काय भारी बनवलं बे! अन् माहीत हाये हे कोन बोलून राह्यलं." मी म्हटलं, तोंड बंद ठेव.

२३ जाने.
मंग्यानं लय मोठं काम केलं. लॅबच्या पीसींना इंटरनेट नाही, पोरं रील पाहतात म्हणून सरांनी काढलं. तर यानं पेनड्राइव्हनं एकेका मशीनवर माझं प्लगिन टाकलं. फर्स्ट इयरची पोरं मुद्दाम कंस खाऊन एरर आणतात म्हणे, वाक्य वाचायला.
मला आनंद झाला. खोटं कशाला. तिथून निघताना निरोप द्यायलाही कोणी आलं नव्हतं. आता प्रत्येक पीसीत मी आहे.
मी नाही. ती. तेच ते.

२७ जाने.
तिनं पाहिलं असेल का. पाहिलंच असेल. मग फोन का नाही. काल नाही, आज नाही. एका पोराचा स्कॉलरशिपचा फॉर्म दोनदा चुकवला.

२९ जाने.
मंग्याचा नंबर आला. उचलून म्हटलं, बोल बे.
"मी बोलून राह्यली."
दहा महिन्यांनी. मी खुर्चीवरून उठून दुकानाबाहेर गेलो, चप्पल आतच.
तिनं सांगितलं: सर मोठ्या पडद्यावर शिकवत होते. एरर आला. पडद्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात, लाल दिसलं का पळत सुटते. सगळा वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, हे तं स्नेहलचं बोलणं. सरांना वाटलं तिनंच टाकलं. वर्गासमोर उभं केलं.
"काढ ते."
म्हटलं, तुझं नाव कुठं लावलं मी?
"नाव कायले लागते? बोलणं माहं हाये."
म्हटलं, कोण हसलं ते सांग, पाहतो त्याले.
"हेच! त्या दिवशी बी माह्यासाठीच भांडला होता ना तू? मी म्हटलं होतं का, भांड म्हून?"
आणि मी काय म्हणालो? म्हणालो, नाही काढत, जा. फोन मीच कापला. दहा महिने वाट पाहून, मीच.

३० जाने.
का काढू? शब्दांवर काय सातबारा आहे का? मी बनवलं, रात्रंदिवस मी
जाऊ दे.

३१ जाने.
र.भाईंना सांगितलं सगळं. न विचारताच सांगितलं. ते एका मुलीचा पासपोर्ट फोटो कापत होते. कापत कापतच म्हणाले, "गौरव, इथं रोज फोटो काढाले पोरी येतात. एखादीचा लय चांगला आला, अन् मी तो बाहेरच्या काचेवर लावून देला, नाव न टाकता. चालीन?"
म्हटलं, तुम्हाला लोक मारतील.
"मंग? तुले काहून नाही मारून राह्यले?" आणि हसले. चार फोटो पाकिटात घातले, पाकीट बंद केलं.
मला हसू आलं नाही.

१ फेब्रु.
नवीन व्हर्जन लिहायला बसलो. बावीस वाक्यं काढायची, जागी दुसरी टाकायची. माझी स्वतःची टाकू म्हटलं. एक सुचेना. जे सुचलं ते तिचंच, थोडं फिरवलेलं. शेवटी साधं ठेवलं. "कंस बंद केलेला नाही." "ओळ ७ तपासा." बँकेच्या पाटीसारखं वाटतं.
पाठवलं. ज्याच्याकडे इंटरनेट आहे त्याचं आपोआप बदलेल.
माझ्या मशीनवरचं जुनंही काढलं. आधी वाटलं, इथलं राहू दे, कोणाला दिसतं. पण मग ते काचेवरचंच झालं ना. फक्त काच घरात.

२ फेब्रु.
दुपारी जेवताना डोक्यात आलं आणि घास तसाच राहिला. लॅबला इंटरनेट नाही! तिथं काहीच बदललं नसणार.
मंग्याला फोन. तू पेनड्राइव्हनं टाकलं, तूच काढ.
"नाही जमत बे. सरांनी माहा पेनड्राइव्ह जप्त केला. म्हणे ज्यानं बनवलं त्यानं स्वतः यावं अन् काढावं."
म्हटलं, सरांच्या समोर? मी?
 मंग्या म्हणाला, "ती मांगच्या बाकावर एकटी बसते आता. पोरं एरर आला का तिच्याकडं पाह्यतात."

३ फेब्रु.
नाही जात. त्या माणसासमोर हात बांधून उभा राहणार नाही.

४ फेब्रु.
र.भाईंकडे उद्याची सुट्टी मागितली. कशाला, ते विचारलं नाही त्यांनी. "शर्ट इस्त्रीचा घालजो" म्हणाले.

५ फेब्रु.
गेलो. नीट लिहितो, विसरायच्या आत.
जीप यवतमाळच्या वेशीवर, लोहाऱ्याच्या एमआयडीसीपाशी थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं वाटलं. शेजारच्या बाईच्या मांडीवर तुरीचं पोतं, तिला उठवल्याशिवाय उतरता येईना. म्हणून गेलो म्हटलं तरी चालेल.
सर लॅबच्या दारात. ओळखलं. मी वाक्य पाठ करून गेलो होतो, ते सगळं उडालं. म्हटलं, सर, चुकलं. कीबोर्डचं पण.
सरांनी घड्याळ पाहिलं. मग: "किती वेळ लागेल?"
म्हटलं, मशीनला दोन मिनिटं.
"प्रॅक्टिकल चालू आहे. प्रत्येकाला विचारून काढायचं. कोणाचं काम मोडायचं नाही."
म्हणजे एकेका पोरापाशी जाऊन, जरा उठता का, प्लगिन काढायचं आहे. पुढं फर्स्ट इयरची पोरं, मागं आमची बॅच. पुढचा एक जण म्हणाला, "दादा, राहू द्या ना, मजा येते." म्हटलं, ज्याचं आहे त्याला नाही येत. त्यांच्यातल्याच एकीनं विचारलं, "हे कोन ताई होती हो?" मी माउसकडे पाहत राहिलो.
शेवटचा बाक. स्ने.
केस बारीक कापलेत. मी उभा. म्हटलं, काढू का?
ती उठली नाही. खुर्ची थोडी सरकवली, माझा हात माउसपर्यंत पोचेल एवढीच. तिच्या पडद्यावर प्लगिन होतं, पण पॅनल बंद. काढलं. एडिटर परत सुरू केला. डाव्या काठावरचा आयकॉन गेला.
"सगळ्याईतलं गेलं?"
म्हटलं, चौदा नंबरचा पीसी दुरुस्तीला गेला आहे. त्यात आहे अजून. नवीन व्हर्जनमध्ये काहीच नाही तुझं. माझ्याकडचंही काढलं.
"तुह्याकडचं कायले काढलं?"
 गप राहिलो. बहुतेक पहिल्यांदाच.
सरांनी मागून आवाज दिला, झालं असेल तर निघ. मी दारापर्यंत गेलो. ती मागून, मोठ्यानं नाही:
"चौदा नंबर आला का सांगीन."
लाचार म्हणालो होतो, ते मागं घ्यायचं राहिलंच. जीपमध्ये आठवलं.

६ फेब्रु.
एडिटर उघडला. कोड लिहिला, सात एरर. उजवीकडे काही नाही. एकेक वाचून काढले. वेळ लागला. चालला प्रोग्रॅम.

९ फेब्रु.
मंग्याला विचारणार होतो पीसी आला का. नंबर लावला आणि कापला. ती सांगते म्हणाली आहे. तर तिनंच सांगायचं.
दिवसभर दुकानात गर्दी. फोन वाजला की प्रत्येक वेळी र.भाई माझ्याकडे पाहतात, मग दुसरीकडे पाहतात.
तिचा आज नाही आला. पीसी आला नसेल. किंवा आला असेल.