सरळ केलेला गंधार

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि आज पहिल्यांदा मला तुमचा मनापासून राग आलाय. रागावणं तुमच्याकडे होतं, माझ्याकडे फक्त ऐकणं. त्यामुळे हे मला नीट जमेल की नाही ठाऊक नाही. पण दुपारी इथल्या, देवासच्या, एका स्टुडिओतून घरी आले ती चपला काढून सरळ लिहायलाच बसले.

माझी एक शिष्या नोकरीसाठी बंगळूरला चाललीय. तिचे आजोबा कारखान्याच्या नोकरीपायी साताऱ्याकडून देवासला आले. ही सगळं हिंदीत शिकली. मराठी बोलते, पण वाचताना अडखळते, त्यामुळे माझी बंदिशींची वही तिच्या उपयोगाची नाही. "काकू, तुमच्या बाईंची ती तोडीतली बंदिश रेकॉर्ड करून द्या ना, मैं वहाँ रोज सुनूँगी," म्हणून मागे लागली आणि तिनेच स्टुडिओ ठरवला. तुम्ही स्वतः बांधलेली बंदिश, आज ती माझ्याखेरीज कुणाच्या गळ्यात नाही. मी हो म्हटलं.

टायरच्या दुकानावरची खोली, भिंतींना काळा स्पंज, आणि चाळिशीचा एक सभ्य माणूस. त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि आत टिकटिक सुरू केली. "मॅडम, आप बस क्लिक पे गाइए, तबला मी नंतर टाकतो." तबलजी नाही, समोर कुणी नाही, मान हलवणारं नाही. समेवर येऊन मी बघायचं कुणाकडे? तीनदा चुकले. खोटं कशाला सांगू, एक गोष्ट मात्र फार आवडली. माइक इतका जवळ होता की हळू म्हटलेला सूरसुद्धा पूर्ण ऐकू येत होता. आयुष्यभर मंगल कार्यालयांत आणि गणपतीच्या मांडवांत लोकांच्या गप्पांवर आवाज चढवून गायले. इतकं हळू मी घराबाहेर कधीच गायले नव्हते.

गाऊन झाल्यावर त्याने ऐकवलं आणि पडद्यावर उमटलेल्या माझ्या सुराच्या रेघेवर बोट ठेवलं. "हा गंधार थोडा खाली जातोय. सीधा कर देता हूँ." मी म्हटलं, "तो तसाच आहे." तो हसला. "टेन्शन नका घेऊ मॅडम, मी सगळ्यांचं करतो." आणि माझ्यादेखत ती वाकडी रेघ ओढून त्याने सरळ केली. गंधार पेटीच्या पट्टीसारखा ताठ उभा राहिला. मी चिडले. "भिया, माझ्या बाईंनी मला असाच शिकवलाय. पहिल्यासारखा करा!" त्यावर त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "बाईंचं काही रेकॉर्डिंग आहे का? लगा के देख लेते हैं."

नाही, बाई. काही नाही. आणि ते का नाही, हे तुम्हाला आणि मलाच माहीत आहे.

मी एकोणीस वर्षांची. धारहून बसने आपण इंदूरला निघालोय, तंबोरा दुलईत गुंडाळून माझ्या मांडीवर. कॅसेट काढणाऱ्या एका माणसाने तुम्हाला बोलावलंय, तंबोऱ्याला मी. माझंही नाव कॅसेटवर येणार म्हणून आईने नवी साडी दिलीय. तिथे पंखा बंद, तबलजी काचेपलीकडे. "बाईसाहब, लाल बत्ती जले तो शुरू करिए, और ज़रा छोटे में." तुम्ही दोनदा गायलात. दोन्ही वेळा मला अंगावर काटा आला, आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, एक बार और. तुम्ही उठलात. "चल गो."

"बाई, फक्त एकदा," मी म्हटलं.

"गाणं म्हणजे काय पाढे आहेत, तो म्हणेल तितक्यांदा म्हणायला?"

परत येताना बसमध्ये विचारायचं राहिलं. मग आज विचारते. तुमच्या धारच्या स्वयंपाकघरात तुम्ही कणीक तिंबत असायचात आणि मी उंबऱ्याशी बसून तोच गंधार महिना महिना लावत असे. "आणखी खाली, अगो, आणखी." तेव्हा ते पाढे नव्हते? एकदा मी भावाचा टेपरेकॉर्डर पदराखाली लपवून आणला, तर तुम्ही पिठाच्या हाताने कॅसेट बाहेर काढलीत. "यात ठेवलंस की पाठ करणार नाहीस." मी रडले, तुम्ही मला गरम पोळी दिलीत आणि कॅसेट काही परत दिली नाहीत. तुमचं म्हणणं खरं होतं. मी सगळं पाठ केलं. पण एका माणसाचं पाठांतर किती दिवस पुरतं, याचा विचार तुम्ही केला नाहीत. मी साठीला आले. दमा आहे. सकाळी आवाज फुटायला वेळ लागतो.

त्या माणसाच्या प्रश्नानंतर मी तो गंधार चार वेळा लावला. चारही वेळा वेगळा लागला. तो तुमचा गंधार आहे की माझा गळाच उतरलाय, हे मला सांगता येईना. तुम्ही त्या दिवशी आणखी एकदा गायला असतात तर आज मी कॅसेट त्याच्यासमोर ठेवली असती. अभिमान तुमचा होता आणि खाली मान घालून उभी राहिले मी.

त्याने दोन्ही फाइली दिल्या, माझी होती तशी आणि सरळ केलेली. शिष्येने दोन्ही ऐकल्या. "काकू, दुसरी जास्त छान वाटते," म्हणाली. मूळ ठेवू, तेच खरं, असं तिला समजावायला हवं होतं. तुम्ही असता तर तिथल्या तिथे सुनावलं असतंत.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकते. तिला मी सरळ केलेलीच पाठवली. गंधाराची शंका होती म्हणून नाही, बाई. त्या फाइलीत माझा आवाज तरुण वाटतो म्हणून.