पायरीवरचा माणूस कुणीकडं गेला

४ मे, नांदेड
आजवर स्वतःच्या हातानं केलेलं: छत्रीच्या कापडाची लाइटपेटी. पाइप कापून लेन्सचं ऊनझाकण. पंख्याच्या बेअरिंगवर फिरणारं स्टँडचं डोकं. आणि आज व्हेरिएबल एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवरची उजेड अडवणारी काच. पोलरायझरच्या दोन काचा समोरासमोर. पुढची फिरवली की उजेड हळूहळू मरतो. पुढची उलटी बसवावी लागते, हे कळायला आठवडा गेला. कुणी शिकवलं नाही. फार फिरवली तर फोटोवर काळी फुली उमटते. फिल्टरच्या कड्यावर तिथं खूण खरवडली. त्यापुढं जायचं नाही.

६ मे
भर दुपारी घाट. आत आणखी एक साधी काळी काच, चार मिनिटांचं एक्स्पोजर, तेवढा वेळ शटर उघडं. चालती माणसं, म्हशी, सगळं गायब. गोदावरी साईसारखी. कड्यांच्या फटीतून उजेड शिरतो, म्हणून काळं फडकं कॅमेऱ्यावर अन् माझ्या डोक्यावर, दोन्ही हातांनी घट्ट.
एकानं घोळ घातला. मधल्या पायरीवर बसला तो हललाच नाही. कपाळावरचे भस्माचे पट्टेसुद्धा स्वच्छ आले. एवढ्या उन्हात! चिडलो. लगेच दुसरा काढला, त्यात उठला असावा. पायरी जवळजवळ मोकळी. दोन्ही फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. लातूरच्या प्रदर्शनालाही पाठवले.

९ मे
कंधारहून बसवराज म्हणून एक जण स्टुडिओत. मोबाइलवर माझाच फोटो.
"ह्यो माझा भाऊ हाय. रुद्रप्पा. कापडाचं दुकान हाय आमचं. त्या दिवसापासून घरी न्हाई."
नदीत गळ टाकून झाले. काही लागलं नाही. चहा सांगितला, घेतला नाही.

१० मे
सकाळपासून फोटो मोठा करून बघून राहिलो. दुसऱ्यात पायरीवर धुरकट डाग. म्हणजे आधी बसलेला, मग उठला. वरच्या पायऱ्यांवर काही नाही. पाण्याकडच्यांवरही नाही. चालता माणूस उमटू नये म्हणूनच तर हा सगळा...
हाकेच्या अंतरावर होतो. फडक्यात.

१२ मे
त्याची बायको आली, महानंदाबाई. दीर सोबत. ठसठशीत कुंकू, हिरव्या बांगड्या. फोटोला हात लावला नाही.
"दादा, ते कुनीकडं गेले तेवढं सांगा. वर का खाली पान्याकडं."
"दिसत नाही, ताई."
"तुमीच काढलाव न्हवं?"
"हाव."
"मग?"
काच, उजेड, मिनिटं, सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं.
"म्हंजे मानूस दिसू ने म्हून येवढी खटपट केलाव?"
उठताना म्हणाली, घरचे म्हणतेत कपाळ पूस. "अन् वर गेले असतील तर?"

१५ मे
लातूरला जाऊन दोन्ही फोटो भिंतीवरून उतरवले. आयोजक मागं मागं. "अहो, लोक त्याच्यासमोरच उभे राहायलेत!" म्हटलं, राहू द्या उभे. मोकळी भिंत बघू द्या.


१९ मे
बसवराज एकटा आला. दार लोटून घेतलं.
"वैनी जेवना. रोज कंधारच्या स्टँडवर बसून राहिली. येक येक गाडी बघती. तुमी त्याला फोटूत शेवटच्या पायरीवर न्या. पाय पान्यात. तुमाला काय, चुटकीचं काम. एकदा रडली की सुटल बिचारी."
"आणि त्याच्या वाट्याचं दुकान?" विचारलंच.
"दुकान कुटं पळून चाललं?" डोळे लाल होते त्याचे. भावासाठीच असतील. नसतीलही.
काम मला येतं. सावलीसकट असं बसवीन की कुणाच्या बापाला कळणार नाही. तिला तर नाहीच. ती गप घरी जाईल, जेवेलही कदाचित. हे डोक्यात आलं नाही असं नाही.
त्यानं पुडकं टेबलावर ठेवलं. रुद्रप्पाला पाण्यात उतरवायचे पन्नास हजार. नाही म्हटलं.