सरांच्या नावाचं दुसरं खातं

सर,

तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि मला पत्र लिहिता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. रजेचा अर्जसुद्धा मी पानाच्या मधूनच सुरू करायचो. तरी आज बसलोय. बियाणे कंपनीचं तेच ऑफिस, तुमच्या लॅबच्या दाराजवळचं तेच टेबल. मी इथं इतका टिकेन असं तुम्हालाही वाटलं नव्हतं. टेंभुर्णीकडचं मेंढरामागे फिरणारं आमचं घर, बारावी अर्धी सोडलेली, थोडे दिवस केबलवाल्याकडे, थोडे फोटो स्टुडिओत, मंठ्याच्या क्लासात जमेल तसा कॉम्प्युटर शिकलो आणि कुणाच्या तरी ओळखीनं इथं कॉम्प्युटरवर लागलो. तुम्ही लॅबचे प्रमुख. पहिल्याच दिवशी विचारलंत, किती दिवस राहशील? मी म्हणालो, बघू. "घरची मेंढरं विकली म्हणतो," तुम्ही म्हणालात, "पण पाय अजून त्यांच्यामागंच चालून राह्यलेत तुझे."

तेव्हा ते सॉफ्टवेअर नवीन होतं, पुण्याच्या मुख्य ऑफिसानं बसवलेलं. बियाण्याचा प्रत्येक लॉट आधी लॅबनं पास करायचा, मग गोदामानं, मग तो गाडीत चढायचा. ही सगळी साखळी पडद्यावर एकाकडून दुसऱ्याकडे सरकायची. तिला वर्कफ्लो म्हणायचे. हमालसुद्धा दारातून ओरडून विचारायचे, वर्कफ्लो आला का म्हणून. लॅबचं 'पास'चं बटण तुमच्या नावावर होतं, आणि तुम्ही ते बसल्या जागी कधी दाबलं नाही. खुर्चीतून उठायचात, आत जाऊन ओल्या कागदाची गुंडाळी उलगडून मोड आलेलं बी बघायचात, हात पुसत परत यायचात, मगच बटण. मी एकदा म्हणालो, सर, लॅबच्या पोरींनी आकडा भरलाय की. तुम्ही म्हणालात, "आकडा भरलाय. बी कुठं पाह्यलं मी?"

आणि एकदा सॉफ्टवेअरचं पान उघडत नव्हतं तर मी तेच तेच बटण दाबत बसलो होतो. तुम्ही मागे येऊन उभे. सगळ्यांसमोर बोललात, दार उघडंना म्हणून लाथा घालून राह्यला का, कामून अडलंय ते बघ आधी. मला राग आल्ता. दुपारी डबा खायला बाहेर गेलो तो थेट बसस्टँडवर. परभणीच्या गाडीत चढलोही होतो. मग उतरलो. का उतरलो ते आठवत नाही. बहुतेक डबा ऑफिसातच राहिला होता.

त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर तुम्ही लग्नाला म्हणून आष्टीला गेलात आणि तिकडेच छातीत दुखायला लागलं. मातीला आम्ही सगळे आलो होतो. परत आल्यावर तुमच्या खुर्चीवर कुणी बसेना. तेराव्यापर्यंत बसायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण झाडणारी बाईसुद्धा खुर्ची न हलवता भोवतीनं झाडून जायची. पुण्याला हे काय माहीत? तिथं नियम होता, माणूस गेला की खातं बंद. त्यांनी तुमचं नाव काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिला लॉट उघडतो तर पडद्यावर, वर्कफ्लो लोड होऊ शकत नाही. दुसरा उघडला, तेच. तुम्ही कधीच पास केलेले जुने लॉटसुद्धा उघडेनात. सगळी साखळी तुमच्या नावावर बांधलेली होती, हे मला फार उशिरा कळलं.

बाहेर गाड्या लागलेल्या, मंठ्याचे दुकानदार ओट्यावर बसलेले. मी मशीन बंद करून चालू केलं, दुसऱ्या मशीनवर बघितलं, वायर बदलली. पुण्याला फोन लावला तर तिकडे नुसती धून वाजत राहिली. तेवढ्यात गोदामाजवळ एक शेळी पोत्याचं लेबल खात होती, तिला हाकलायला गेलो, येईपर्यंत फोन कट.

मॅनेजरसाहेब माझ्या टेबलाशी येऊन बसले. "सरांला परत बनव ना तू. नाव टाक, फोटो टाक, पास कर. गाड्या जाऊ दे."

"पण बी कुणी बघितलं, साहेब?"

"पोरींनी बघितलं ना. सरांचं फक्त नाव लागतंय."

ते वाईट माणूस नव्हते. पाऊस आला असता तर लोकांनी दुसऱ्या कंपनीचं बी पेरलं असतं. मला नाही म्हणता आलं नाही. नवीन खातं उघडायची सोय माझ्याकडे होती, तुमचं नाव टाकलं. ओळखपत्रावरचा फोटो टाकला, फोटोवाल्यानं हसा म्हटल्यावर तुम्ही चिडला होतात तो. लॉट उघडला. पडद्यावर तेच वाक्य.

मग पुण्याचा फोन लागला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "नाव तेच असलं तरी सिस्टिमसाठी हा माणूस नवीन आहे, सर. आतला नंबर वेगळा असतो. जुना परत येत नाही."

"काहीच होणार नाही का?"

"नवीन वर्कफ्लो बनवून देते. जुने मात्र उघडणार नाहीत."

संध्याकाळी नवीन साखळी आली, अडकलेले लॉट मी तिच्यात नव्यानं भरले. लॅबचं बटण मॅनेजरसाहेबांच्या नावावर. त्यांनी बसल्या जागी एकेक करत सगळे लॉट पास केले. मी शेजारी उभा होतो. गुंडाळ्या आत तशाच पडलेल्या. आणि बी तर चांगलंच उगवलं, कुणाची तक्रार आली नाही. मग मी कुणाला काय सांगू? तेव्हापासून लॅबमध्ये कुणी उठत नाही.

मी बनवलेलं तुमचं ते दुसरं खातं मात्र राहून गेलं. त्याला काम नाही, कुठला लॉट त्याच्याकडे जात नाही. पुण्याहून अधूनमधून न वापरलेल्या नावांची छाटणी होते. त्याआधी मी तुमच्या नावानं आत जातो, म्हणजे ते वापरात दिसतं. हे बराबर नाही, कळतं मला. एक मित्र नाशिकला बोलावून राह्यलाय, पायांना खाजही सुटली आहे. पण मी गेलो तर पुढच्या छाटणीत ते नाव जाईल.

त्या खात्याला मेलपण आहे. हे पत्र तिकडे पाठवावं असं मनात आलं होतं. पण तिथं ते उघडणार कोण, मीच. म्हणून पाठवत नाही. आणि एक सांगतो, तुमच्या नावानं आत गेल्यावर मला तिथं करायला काहीच नसतं. तरी मी लगेच बाहेर पडत नाही.