मोतीबिंदूसाठी निर्दोष तारीख

९ एप्रिल
काल निळी समजून काळी तार जोडली. नुकसान असं: दुरुस्तीला आलेल्या मोटारीचं अख्खं वाइंडिंग जळालं, दुकानातल्या मिस्त्रींचा आणि माझा दिवस पाण्यात गेला, आणि गिऱ्हाइकासमोर इतक्या वर्षांत कमावलेला रुबाब गेला. जळकं तांबं भंगारात तरी जातं. रुबाबाला भंगारवालाही हात लावत नाही.
कारण शोधून काढलं. दुकानातला बल्ब मंद आहे. उद्या बदलतो.

१० एप्रिल
बल्ब बदलला. नव्या बल्बभोवती सुरेख रंगीत कडं दिसतं. कंपनीने सुधारणा केलेली दिसते. मिस्त्रींना दाखवलं, त्यांना काही दिसेना. मिस्त्री, वय होत चाललंय, डोळे तपासून घ्या, असं मी आपुलकीने सुचवलं.
मिस्त्रींनी हे माझ्या बायकोला सांगितलं. तिने मुलीला फोन केला. या घरात बातमी विजेपेक्षा जोरात धावते आणि फ्यूज कुठेच नाही.

११ एप्रिल
मुलीने डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तिच्याच वर्गातल्या, लहानपणी आमच्याकडे सायकलला हवा भरायला यायच्या. आता माझ्या डोळ्यात बॅटरी मारतात. निदान: मोतीबिंदू. उजवा पिकलाय, डावा वाटेवर आहे. फळबाजारात बोलावं तसं बोलतात ही माणसं.
ऑपरेशन पंधरा तारखेला करू म्हणाल्या. मी जागच्या जागी हो म्हटलं. शाळा अर्धवट सोडून, चालू लाइनीवर हात घालत ज्याने स्वतःचं वर्कशॉप उभं केलं, त्याला सुईची काय भीती. काका, सुई टोचत नाही हल्ली, थेंब घालतो, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, टोचली तरी चालेल.
मग म्हणाल्या, उशीर कराल तेवढं अवघड होईल. आणि ऑपरेशन होईपर्यंत तारा जोडायच्या नाहीत, एखाद्याचा जीव जाईल. हे बायकोसमोर बोलायची गरज नव्हती.

११ एप्रिल, संध्याकाळी
सहज ग्रंथ उघडला. हा मी रद्दीवाल्याकडून घेतलेला, विटेएवढा जाड. वर्षातल्या प्रत्येक तारखेला जगात काय काय घडलं ते त्यात आहे. रोज सकाळी भिंग लावून त्या दिवसाचं पान मी दुकानात मोठ्याने वाचतो. लोकांना ज्ञान मिळतं. मिस्त्री, सांगा, आज काय आहे, असं मी विचारतो. मिस्त्री म्हणतात, शेठ, आज पिठाच्या गिरणीची डिलिव्हरी आहे.
तर १५ एप्रिल: १९१२, टायटॅनिक बुडाली.
मी शुभ-अशुभ मानत नाही. शेजारचा टेलर मांजर आडवं गेलं की कात्री खाली ठेवतो, त्याला मी वर्षानुवर्षं हसत आलोय. पण मांजर वेगळं आणि इतिहास वेगळा. इतिहासाला पुरावा असतो.
पंधरा रद्द.

१३ एप्रिल
बायकोचं म्हणणं, पंधरा एप्रिललाच एका जगप्रसिद्ध चित्रकाराचा जन्म झाला, तुमच्याच ग्रंथात आहे. गुपचूप वाचत असते. मी म्हटलं, तो जन्मला, त्याने ऑपरेशन नाही करून घेतलं.
डॉक्टरीणबाईंनी अठरा तारीख दिली.
अठरा एप्रिल १९०६: सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप, मागोमाग आग. म्हणजे एकावर एक फुकट.
दुकानात फार गर्दी आहे, अठराला जमत नाही, असं कळवलं.

१७ एप्रिल
काम बंद ठेवलेलं नाही. तारा मिस्त्री जोडतात, मी कानाने तपासतो. मोटार सुरू झाली की बेअरिंग कोरडं आहे, शाफ्ट वाकडा आहे की पंखा घासतोय, सगळं मला डोळे मिटून कळतं. उलट मिटल्यावर जास्त कळतं. खरं तर डोळे या धंद्यात थोडे जास्तीचेच आहेत. हे वाक्य चांगलं वाटलं म्हणून बायकोला ऐकवलं. तिने माझ्यासमोर दोन वाट्या ठेवल्या आणि साखर कुठली, मीठ कुठलं विचारलं. मी म्हटलं, वाजवून दाखव.
चहा खारट झाला. प्यायलो.

२० एप्रिल
नवी तारीख सव्वीस. ग्रंथ: १९८६, चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली.
या वेळी खरं कारण स्पष्ट सांगून टाकलं. फोनवर म्हटलं, बाई, सव्वीसला अणुभट्टी फुटली होती. डॉक्टरीणबाई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, कुठे, दुकानात?
शिकलेल्या माणसांना इतिहास शिकवत नाहीत.

२८ एप्रिल
डॉक्टरीणबाईंचा निरोप मुलीकडून आला: काकांकडे वर्षाचे सगळे दिवस आहेत, पण त्यांच्या मोतीबिंदूकडे एवढे नाहीत.
निर्धार. मे महिना ओलांडायचा नाही. पद्धत ठरवली: दुसऱ्याने दिलेली तारीख तपासत बसण्यापेक्षा संपूर्ण मे आपणच अभ्यासायचा आणि एक निर्दोष तारीख काढायची. ज्या दिवशी माणसाने फक्त चांगलं केलं असा दिवस. महिन्यात एक तर असेल.

३ मे
सहा मे सापडला. १९५४ साली एका डॉक्टरकीच्या विद्यार्थ्याने चार मिनिटांच्या आत एक मैल पळून दाखवला. जगात पहिल्यांदा. डॉक्टर आणि विक्रम, दोन्ही एकाच दिवशी. घरात जाहीर केलं. मुलीने लगेच दवाखान्यात कळवलं. फार घाई करते, आईवर गेली आहे.
खालच्या ओळी नंतर वाचल्या. सहा मे १९३७: हिंडेनबर्ग नावाचं भलंमोठं हवाई जहाज उतरता उतरता पेटलं.
उतरता उतरता. म्हणजे सगळं झाल्यावर, शेवटच्या क्षणी.
बायकोने विचारलं, तुम्हाला ऑपरेशन करून घ्यायचंय की मैलभर पळायचंय? पळायचं असेल तर तुमची तयारी चांगली दिसते. बहुतेक टोमणा होता.

५ मे
दहा मेचाही निकाल लागला. त्या तारखेला लाँग बीच नावाच्या गावी भूकंप. मुलगी शेजारी बसली होती. तिने पान ओढून घेतलं आणि म्हणाली, बाबा, हे पान मार्चचं आहे.
मी म्हटलं, भूकंप तो भूकंप, जमिनीला महिना कळत नाही.
तिने ग्रंथ मिटला. माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, बाबा, भीती वाटते का? मी तिला घरातल्या पंख्याचं बेअरिंग बदलायला झालंय हे समजावून सांगितलं. बराच वेळ सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

८ मे
मिळाली. चौदा मे १७९६: एका डॉक्टरने देवीची लस पहिल्यांदा टोचून पाहिली. म्हणजे टोचणं, वैद्यकशास्त्र आणि यश, तिन्ही एका ओळीत. आपल्या कामाला याहून जवळची तारीख नाही.
मुलीने पुढचं वाचून दाखवलं. लस टोचून घेणारा माळ्याचा मुलगा होता, आठ वर्षांचा. त्याच्या वेळी त्या तारखेच्या पानावर हे काहीच छापलेलं नव्हतं, बाबा, असं म्हणाली. मी म्हटलं, लहान मुलांना कुठे काय कळतं.
पान पुरतं वाचलं नाही. या वेळी मुद्दामच. विश्वासही ठेवायला शिकलं पाहिजे माणसाने.

१३ मे
पान पुरतं वाचलं.

१४ मे
सकाळी आंघोळ, धुतलेला शर्ट, उपाशी पोट. मन शांत. चौदा मे १६१० ला फ्रान्सच्या राजाचा भोसकून खून झाला, पण तो राजा, मी मोटारवाला. संबंध नाही. टॅक्सीत मी मागे, मुलगी शेजारी.
पुलाच्या तोंडाशी टॅक्सी अडकली. पुढे ट्रक, मागे बस. आता राजाचा खून कसा झाला? गर्दीत त्याची गाडी अडली, तेवढ्यात मारेकरी चढला. ग्रंथात स्पष्ट लिहिलंय.
तेवढ्यात एकाने काचेवर टकटक केली. मोबाइलची कव्हरं विकत होता.
मी दुसऱ्या बाजूने उतरलो आणि चालत घरी आलो. मुलगी मागून हाका मारत होती. ड्रायव्हर तिला म्हणाला, ताई, काकांचं काही चुकून राहिलंय का घरी?

१५ मे
मुलगी बोलत नाही. बायको बोलते. तिचं म्हणणं, राजाला मारायला लोक गाडीत चढतात, तुमच्या मोटारी दुरुस्त होऊन पडल्यात, त्या न्यायलाही कोणी दुकानाची पायरी चढत नाही. हे मात्र खरं नाही. दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली आहेत, एवढंच.

२० मे
आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
दुपारी मिस्त्री जेवायला गेले होते. बेकरीवाला घाईत होता. पीठ मळायच्या यंत्राची मोटार, संध्याकाळचे पाव अडलेले. मी म्हटलं, त्यात काय. तारा मीच जोडल्या. चालू केली. काय आवाज. बेअरिंग गोड, शाफ्ट सरळ, कुठे खरखर नाही. अर्थिंग शेवटी जोडणार होतो. बेकरीवाल्याला म्हटलं, ऐका, हिला म्हणतात मोटार.
मिस्त्री आत आले. मोटार चालू बघून सवयीने तिच्यावर हात ठेवला.
हात तसाच चिकटून राहिला; पहिल्यांदा वाटलं, ते थट्टा करताहेत. मग बेकरीवाल्याने मेन स्विच पाडला.
मिस्त्री फरशीवर बसले ते बसलेच. पाणी मागितलं तेव्हा माझा श्वास सुटला. हात भाजलाय, बाकी ठीक आहेत. तारेचा एक तंतू, केसाएवढा, बाहेर राहून मोटारीच्या अंगाला टेकला होता. त्यांनी तो बसल्या जागेवरून दाखवला. बेकरीवाल्याने त्यावर बोट ठेवेपर्यंत मला दिसला नाही.
इतक्या वर्षांत हे ध्यानात आलं नव्हतं, की वीज अंगात उतरते तेव्हा आवाज करत नाही.
मिस्त्री ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त म्हणाले, शेठ, ते जहाज बुडालं त्याला शंभर वर्षं होऊन गेली. मला घरी दोन पोरं आहेत.

२१ मे
सकाळी एकटाच दवाखान्यात गेलो. म्हटलं, बाई, तुम्ही म्हणाल तेव्हा. त्या म्हणाल्या, उद्या. मी म्हटलं, उद्या. तारीख विचारली नाही.
घरी सांगितलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि शर्टाला इस्त्री करायला घेतली. मुलगी बोलायला लागली.
मिस्त्रींच्या घरी जाऊन आलो. हाताला पट्टी आहे, चार दिवस सुट्टी घ्या म्हटलं. ते म्हणाले, आधी तुम्ही घ्या.

२३ मे (डाव्या डोळ्याने, अक्षर चालवून घेतो)
काल ऑपरेशन झालं. उगाच बाऊ करतात लोक. भीती शून्य. दवाखान्याच्या दारापासून टेबलापर्यंत एकदाही पाऊल अडखळलं नाही. टेबलावर दगडासारखा पडून होतो. कामाव्यतिरिक्त एक शब्द तोंडातून काढला नाही. तारखेचा तर विचारही मनाला शिवला नाही. माणसाने एकदा ठरवलं की इतिहास काय करणार?
डॉक्टरीणबाई मुलीला म्हणाल्या, असा पेशंट मी अजून पाहिला नाही. मी ते नम्रपणे ऐकलं.

२४ मे
पट्टी काढली.
निळा रंग इतका निळा असतो हे विसरलो होतो. बायकोची साडी मी राखाडी समजत होतो. ही नवी घेतलीस का, असं विचारलं. ती म्हणाली, चार वर्षं झाली.
बल्बभोवतीचं कडं गेलं. कंपनीने काहीही सुधारणा केलेली नव्हती.

२६ मे
दुकानात तासभर बसायची परवानगी. मिस्त्री आले, हात बराच बरा आहे. त्यांनी दोन तारा माझ्यापुढे धरल्या. मी म्हटलं, ही काळी, ही निळी. त्यांनी मान हलवली आणि तारा जोडायला मात्र स्वतःच घेतल्या. डाव्या डोळ्याचं होऊ द्या म्हणाले.
बेकरीवाल्याला, टेलरला आणि गिरणीवाल्याला ऑपरेशनची हकिकत सांगितली. टेलरलाही मोतीबिंदू आहे, टाळाटाळ करतोय. त्याला म्हटलं, माझ्याकडे बघ. मन खंबीर पाहिजे. आज काय तारीख आहे असल्या फालतू गोष्टी ज्याच्या डोक्यात येतात त्याने टेबलावर चढूच नये. टेलर फार भारावून गेला. तपासणीला माझ्याबरोबर येतो म्हणाला.

२९ मे
तपासणीला गेलो. बायको, मुलगी आणि टेलर बरोबर. डोळा उत्तम आहे. डाव्याचं पुढच्या महिन्यात.
ऑपरेशनच्या वेळी होत्या त्याच सिस्टर बाहेर बसल्या होत्या. मला बघून हसायला लागल्या. टेलरने त्यांना विचारलं, शेठ खरंच इतके शांत होते का? सिस्टर म्हणाल्या, अगदी शांत होते, फक्त एकदा त्यांनी आज तारीख कुठली ते विचारलं. मी बावीस सांगितली. तर म्हणाले, बावीस मेला चिलीत आजवरचा सगळ्यात मोठा भूकंप झालाय, आज नको, मी पुढच्या आठवड्यात येतो. आणि उठून बसायला लागले.
तोपर्यंत ऑपरेशन होऊन डोळ्याला पट्टी लावून झाली होती.