चार मिनिटांचा थांबा

दि. २ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस, सहलीचं फोनवर ठरवू. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. तीस वर्षं बस चालवली, डेपोत एकही हुकूम तोंडी निघाला नाही. म्हणून सहलही लेखीच निघणार.

नदीकाठच्या रस्त्याने फिरायला जाऊ, असं तुझी आई लग्न झाल्यापासून म्हणते आहे. मी दरवेळी म्हणायचो, मी रोज तिकडूनच तर येतो, त्यात बघण्यासारखं काय आहे? आता निवृत्तीला सहा वर्षं झाली, सबब संपली. तू या महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी इकडे ये. शनिवार-रविवार आपण तिघं. गाडी आपली, चालक अर्थात मी.

वेळापत्रक असं. सकाळी सहा दहाला घरून सुटणे. सहा पन्नास, पाण्याचं गाव, थांबा चार मिनिटं. सात चाळीस, पंक्चरचं गाव, चार मिनिटं. आठ पंचवीस, उताराचं गाव, चार मिनिटं, ब्रेक बघून घेणे. नऊ पाच, वस्तीचं गाव, मुक्काम. गावांना कागदोपत्री चांगली नावं आहेत, पण आम्हा ड्रायव्हर लोकांत हीच चालायची. एकात रेडिएटरमध्ये पाणी भरायचो, दुसऱ्यात रस्त्यावर खिळे फार, तिसऱ्याला जीवघेणा उतार आणि चौथ्यात आमची मुक्कामी गाडी राहायची.

बाकी सर्व ठीक. आपल्या फाटकाचा डावा खांब गवंड्याने जरा पुढे बांधला असावा, परवा गाडीला घासला. इतकी वर्षं कसं लक्षात आलं नाही कोण जाणे. गल्लीतल्या सायकलीही हल्ली कुठून तरी एकदम समोर उगवतात.

लोभ आहेच, तो वेळेवर पोचत राहावा.

तुझे
बाबा

ता. क. खांब होता तिथेच आहे. आणि सहा दहाला मी उठतसुद्धा नाही, निघणं तर सोडच. – आई


दि. ७ नोव्हेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

वेळापत्रक पोचलं. मी ते दुकानात मोठ्याने वाचलं आणि चष्म्याच्या काचा घासणारे आमचे काका हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. बाबा, ही नदीकाठची सहल आहे ना? मग या सबंध पानावर नदी कुठे आहे? रेडिएटर आहे, खिळे आहेत, ब्रेकसुद्धा आहेत. नदीचं नाव नाही. आणि चार मिनिटांत आई गाडीतून उतरून चपला सारख्या करते न करते तोच तुम्ही हॉर्न वाजवणार. प्रत्येक गावात निदान एक तास हवा, ही आम्हा प्रवाशांची मागणी समजा.

आता दुसरं. हे लिहू की नको म्हणून मी तीन दिवस घालवले.

मी दिवसभर लोकांचे डोळे तपासते. तुमचं पत्र टेबलावर ठेवलं तेव्हा डावीकडे चार बोटं कागद कोरा दिसला. घरी येऊन मी तुमची जुनी पत्रं काढली आणि ओळीने मांडली. दोन वर्षांपूर्वी एक बोट जागा सुटत होती, मागच्या वर्षी दोन, उन्हाळ्यात तीन. तुम्ही तर कागद वाया घालवणारे नाही, पाकिटं उलटी करून वापरता. बाबा, खांब पुढे आलेला नाही. सायकलीही एकदम उगवत नाहीत. तुम्हाला डावीकडचं कमी दिसतंय, आणि ते तुम्हाला कळलेलं नाही, कारण असं हळूहळू गेलेलं कुणालाच कळत नाही.

उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. त्यांनी हो म्हणेपर्यंत गाडीला हात लावू नका. मला फार भीती वाटते आहे. रागावलात तरी चालेल.

माया करताय तेवढीच करत राहा, तीत रागाची वजावट करू नका.

तुमची
भिंगरी


दि. ११ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तीस वर्षांत माझ्या गाडीला एक ओरखडा नाही. दोनदा बक्षीस मिळालं आहे, ती घड्याळं अजून भिंतीवर चालू आहेत. आणि तू मला समासावरून पारखतेस.

सहल रद्द. कारण: चालक उपलब्ध नाही.

कळावे.

बाबा


दि. १४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

यांनी तुला कसलं पत्र पाठवलं ते मला दाखवलं नाही, यावरूनच कसलं असेल ते कळलं. मनाला लावून घेऊ नकोस. पत्र पेटीत टाकून आले ते तसेच बस पकडून डॉक्टरांकडे गेले. मला सांगितलं की नळाचा वॉशर आणायला जातो. परत आले तेव्हा वॉशर नव्हता, थेंबांची बाटली होती.

काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची नजर बरीच गेली आहे आणि उजव्याचीही नाकाकडची, म्हणजे डावी बाजू; ती परत येणार नाही. थेंब नियमाने घातले तर उरलेलं बहुतेक टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. गाडी मात्र कायमची बंद. हे मला सांगताना तुझे बाबा इतक्या शांतपणे बोलत होते की मीच उठून स्वयंपाकघरात गेले.

त्या दिवसापासून एकच चाललं आहे. सकाळी गाडी धुतात, आतून पुसतात आणि मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेपर वाचतात. किल्ली लावत नाहीत, नुसते बसतात. काल मी जेवायला हाक मारायला गेले तर म्हणाले, तो रस्ता एकदा तरी स्वतः चालवत तुला दाखवायचा होता, नोकरीत कधी जमलं नाही. मी शेजारच्या सीटवर बसले आणि आम्ही गाडीतच जेवलो. वाटी कुठे ठेवायची हा प्रश्न पडला, ती मी गिअरपाशी ठेवली, तर त्यावरून ओरडले. तेव्हा जरा बरं वाटलं मला.

तू त्यांना लिही. पण कीव करू नकोस, ती त्यांना खपत नाही. त्यांना त्यांच्या कामातलं काही विचार. कुणी काही विचारलं नाही की हा माणूस मिटून जातो.

तब्येतीला जप. आमच्यावर जीव आहे तो असाच राहू दे.

तुझी
आई


दि. १८ नोव्हेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र आलं. मी रडले, ते एकदा सांगून टाकते, पुन्हा त्याचा उल्लेख नाही.

माझी एक अडचण आहे. परवाना काढून मला नऊ वर्षं झाली, पण मी घर ते दुकान आणि दुकान ते घर याच्यापलीकडे गाडी नेलेली नाही. चौथा गिअर मी फक्त ऐकून आहे. तुमचे जावई म्हणतात, मला वळायचं असलं की काच पुसायचे वायपर सुरू होतात. अशा बाईला या महिन्याच्या शेवटी नदीकाठच्या रस्त्याने दोन वयस्कर प्रवाशांना न्यायचं आहे. त्यातले एक प्रवासी अतिशय खडूस आहेत.

तो रस्ता तुमच्याइतका कुणाला पाठ नाही. मला शिकवा. उताराचं गाव कसं उतरायचं? समोरून ट्रक आला तर कुणी थांबायचं? पंक्चरच्या गावात खिळे कोणत्या बाजूला असतात? सगळं लेखी कळवा, फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं.

मी विनोदाने लिहिते आहे, पण विचारते आहे ते खरंच. तुम्ही शेजारी बसला नाहीत तर मी तो रस्ता चालवणार नाही, आणि मग आई तिथे कधीच जाणार नाही.

लोभाचा गिअर टाकलेलाच असू द्या, न्यूट्रलवर नको.

तुमची
भिंगरी


दि. २२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नऊ वर्षांत चौथा गिअर नाही, हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. लाज वाटली. सुताराच्या घरी निदान स्टूल तरी धड असतं.

उत्तरं खाली देतो. उतारावर ज्या गिअरने गाडी चढेल त्याच गिअरने उतरवायची, म्हणजे दुसऱ्या. ब्रेकवर पाय ठेवून बसलीस तर ब्रेक तापतील आणि मी ओरडेन. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, मग समोर ट्रक असो की बैलगाडी. वळणावर हॉर्न वाजवायचा, तो लाजत वाजवू नकोस. खिळे डावीकडे असतात, तिथे चाकं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. यावरून काय समजायचं ते समज.

शुक्रवारी आलीस की आधी मैदानावर परीक्षा. रिव्हर्स, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणे, आणि वायपर न लावता वळणे. पास झालीस तर सहल, नाहीतर आपण तिघं ओट्यावर बसून खारे दाणे खाऊ.

आता माझ्याबद्दल. तुझ्या पत्रानंतर मी घरातले समास मोजत बसलो. वहीत, हिशेबात, अगदी आईने आणायला दिलेल्या सामानाच्या यादीतसुद्धा मी अर्धं डावीकडचं वाचलंच नव्हतं. म्हणून गेले दोन महिने आपल्याकडे साबण येत नव्हता. तुझ्यावर उगीच रागावलो. तू लिहिलं नसतंस तर तो खांब एके दिवशी माणूस असता. हे मला आता सारखं वाटत राहतं, आणि तुझे उपकार वाटतात. बापाने लेकीला असं लिहू नये, पण लिहिलं.

चालकाची जागा गेली, पण गाडीत बिनकामाचा बसणारा मी नाही. आता मी कंडक्टर होणार. निवृत्त होताना डेपोने दिलेली पितळी घंटा आहे, ती मांडीवर घेऊन बसेन. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोन घंटा झाल्याशिवाय गाडी हलता कामा नये. आयुष्यभर मी कंडक्टरांना बसून खाणारी जमात म्हणालो, त्यांची मनातल्या मनात माफी मागतो.

वेळापत्रक तेच. थांबे मात्र दहा मिनिटांचे केले आहेत. यापुढे मी खाली येणार नाही, म्हणजे दहाच्या वर जाणार नाही.

तुझ्या लोभाची सीट राखून ठेवली आहे.

तुझे
बाबा

ता. क. सहा दहाचं सव्वाआठ करून घेतलं आहे. साबण आणला. – आई


दि. ३ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलीस हे कळलं. सहलीचा अहवाल नियमाप्रमाणे लेखी देत आहे.

चालकाबद्दल: उतार दुसऱ्या गिअरने उतरवला, शेरा उत्तम. वायपर तीनदा लागले. समोर ट्रक आला तेव्हा मी शिकवल्याप्रमाणे तू थांबलीस, आणि तो ड्रायव्हर हात वर करून गेला. तो हात मला नव्हता, तुला होता. मला आधी जरा लागलं, आणि मग फार बरं वाटलं.

पाण्याच्या गावापुढे जी एक घंटा दिली, ती तू चूक समजलीस. तिथे थांबा नाही, हे मलाही माहीत आहे. झालं असं की नदी रस्त्याच्या डावीकडे आहे. तीस वर्षं मी उजवीकडे बसलो आणि समोर बघितलं. ड्रायव्हरने नदी बघितली तर गाडी नदीत जाते. आता डावीकडचं मला दिसत नाही, म्हणजे नदी माझ्या गेलेल्या बाजूलाच आली. मी मनाशी म्हटलं, मग आपण इथे काय करतोय? इतक्यात आईने माझी हनुवटी धरून मान वळवली. आणि भिंगरी, ती केवढी मोठी आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका बाजूला उथळ पाण्यात म्हशी बसलेल्या, पलीकडे नाव दोरीने बांधलेली, मध्ये ऊन. माझा हात आपोआप घंटेवर गेला.

आपण तिथे सव्वा तास होतो. त्यामुळे पंक्चरच्या गावाला उशीर, उताराच्या गावाला त्याहून, वस्तीच्या गावाला पोचायला दुपार. तीस वर्षांत माझी गाडी एवढी कधी लेट झाली नव्हती. दोन्ही बक्षिसांची घड्याळं मी काही काळ भिंतीकडे तोंड करून टांगावी म्हणतो.

पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं. त्या जागेला नाव नाही, म्हणून मी वेळापत्रकात तिचं नाव 'मान वळवण्याचं गाव' असं घातलं आहे. थांबा: कंडक्टर म्हणेल तितका.

या पत्रातही डावीकडे चार बोटं जागा सुटली असेल. यावेळी ती मुद्दाम सोडली आहे. तुझ्या आईने तिथे निळ्या पेन्सिलने वरपासून खालपर्यंत नदी काढली आहे. लिहिताना ती मला दिसत नाही. मान वळवली की दिसते, आणि मान वळवायला आता मी मोकळा आहे.

लोभ असाच थांबून थांबून, पण येत राहो.

तुझे
बाबा
(कंडक्टर)