न कळलेली अट

३ मार्च
फिल्टरचं काम संपलं. कबनूरच्या यंत्रमागवाल्यांसाठी. पाळी लावायला कामगार निवडायचे. निवडीच्या अटी आमच्या कोडमध्ये. कामगारांची यादी ज्यावर आहे त्या पलीकडच्या सर्व्हरला कोड कळत नाही, त्याला वेब पत्त्याच्या शेवटी जोडलेला प्रश्न लागतो. अटींचा तो प्रश्न करणं, एवढंच माझं काम. एखादी अट उतरवता आली नाही तर सगळं थांबवायचं, असं मी लिहिलं होतं. विकासदादा, ऑफिसचा मालक, म्हणाला, गिऱ्हाइकासमोर एररची लाल अक्षरं नकोत. कळत नाही ती अट गाळ, बाकीचं पाठव.
तसं केलं.

९ मार्च
दादाबरोबर कबनूर. अण्णा मुकादम शेडाबाहेरही ओरडूनच बोलतो. त्याची एक जादा अट: रामा आणि गणपा एका पाळीत नकोत. रामाची बहीण सुनंदा गणपाला दिलेली. त्याने मारून दोनदा माहेरी धाडली. दिवाळीत रामाने त्याचा जबडा फोडला. अण्णा आजवर हे डोक्यात ठेवून पाळ्या लावायचा.
"एका शेडात घातली की मुडदा पडतोय बघा. तुमच्या ॲपात घालून टाका."
परत आल्यावर दादाने अट स्वतःच लिहिली. हिरवी खूण आली. अट मी तपासून पाहिली नाही.

१६ मार्च
अण्णाचा फोन. तो लग्नाला सांगलीत, पाळी ॲपने लावलेली. दुपारी रामा आणि गणपा शेजारशेजारच्या मागांवर. गणपा म्हणाला म्हणे, "काय मेव्हणं, बहिणीला परत न्यायला आलायसा व्हय?"
रामाच्या हातात पाना होता. डोक्यात घातला. पडल्यावरही घालत राहिला. माग कुणी बंद केले नाहीत. रक्त उडालेलं कापड तसंच गुंडाळलं जात होतं.
अण्णा ओरडत नव्हता.

१७ मार्च
त्या पाळीचा प्रश्न पुन्हा काढला. गाव आहे, हजेरी आहे, पाळी आहे. वैर नाही. दादाने अट ज्या पद्धतीने लिहिली ती माझ्या कोडला येत नाही. गाळली. सांगितल्याप्रमाणे.

१८ मार्च
सुनंदा ऑफिसात आली. नवरा बेशुद्ध, भाऊ कोठडीत. पोलिसांचं म्हणणं, रामाने मुद्दाम शेजारचा माग मागून घेतला, म्हणजे आधीच ठरवून मारलं.
"नवऱ्यासाठी आले न्हाय," ती म्हणाली. "माझ्या भावानं ठरवून न्हाय मारलं. त्येला तिथं कुणी घातला, तेवढं सांगा."
दादाने तिला दंडाला धरून जिन्यापर्यंत नेलं. मी उठले नाही. खालून खिडकीवर वीट आली. काच माझ्या कीबोर्डवर.

१९ मार्च
दादाला म्हटलं, पोलिसांना सांगणार. तो म्हणाला, आधी जुना कोड उडव. नाही म्हटलं. त्याने लॅपटॉप मिटला. माझी बोटं आत होती. वरून तळव्याने दाबला, अंगाचा भार टाकून. मग स्वतःच बर्फ आणला. ऑफिस बंद पडलं तर तुझं काय गं, माझं काय. आवाज मऊ होता.
उजव्या हाताची नखं काळी. हे डाव्याने लिहिते आहे, फार लिहवत

२१ मार्च
गणपा सकाळी गेला. कलम बदललं, आता खुनाचं. रामाला कळंब्याच्या तुरुंगात नेलं.
दुपारी चौकीत. सगळं सांगितलं: अण्णाची अट, दादाने ती कशी लिहिली, माझ्या कोडने ती कशी टाकून दिली. हवालदार टाइप करत होता, मध्ये बराच वेळ नुसता ऐकत होता. मग जबाब वाचून दाखवला. सदर पाळी नेहमीच्या पद्धतीने लावण्यात आली. एवढंच.
विचारलं, अटीचं कुठे आहे?
"ते काय कळलं न्हाय, ताई. कळलं न्हाय ते घेतलं न्हाय. करा सही."
दाराबाहेर दादा, गाडी चालूच ठेवलेली. आत बाकावर सुनंदा, माझ्या हाताकडे बघत. सुजलेल्या बोटांत पेन धरवेना. खाली ठेवलं. म्हटलं, पुन्हा लिहा.
हवालदाराने घड्याळ पाहिलं. खुर्ची पुढे ओढली.
"सोप्यात सांगा मग."
बाहेर गाडी बंद झाली. पावलं.
मी म्हटलं, एक अट होती. ती माझ्या कोडला कळली नाही, म्हणून त्याने गाळली.